पंचनामा मेलेल्याचा नको, हिशेबाचा करा



गावात एखाद्या कास्तकाराने जीव दिला की काही दिवसांत तलाठी येतो, पोलीस पाटील येतो, तहसिलातून साहेब येतात. ओसरीवर सतरंजी पडते आणि चौकशी सुरू होते. सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचे, सोसायटीचे की हातउसने? वसुलीची नोटीस आली होती काय? दारू प्यायचा काय? घरात भांडण होते काय? मुलीचे लग्न काढले होते काय? जिचे कुंकू परवा पुसले गेले ती बाई पदर तोंडाला लावून उत्तरे देते. कागद वर जातो, जिल्ह्याची समिती बसते आणि मेलेल्या माणसावर शिक्का पडतो : पात्र किंवा अपात्र.

आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. ही चौकशी चुकीच्या पानावर सुरू होते. पंचनामा माणसाच्या सवयींचा होतो, त्याच्या हिशेबाच्या वहीचा होत नाही. आणि तो माणूस मेल्यावर होतो, जिवंत असताना होत नाही. या दोन चुका दुरुस्त झाल्याशिवाय कितीही पॅकेजे आली तरी गावातले मरण थांबणार नाही.

शिक्का कसा पडतो?

२००६ सालच्या शासन निर्णयाने मदतीची रक्कम १ लाख रुपये ठरवली. त्यातले ३०,००० हातात, ७०,००० ठेवीत. अटी अशा की जमीन त्याच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते नापिकीमुळे थकून त्यासाठी तगादा लागलेला हवा.

आता या चाळणीतून कोण गळतो ते पाहा. मक्त्याने किंवा बटईने दुसऱ्याचे शेत करणारा गळतो, कारण सातबारा मालकाचा. कृषी केंद्राची उधारी आणि बिनपरवान्याच्या सावकाराचे पैसे घेतलेला गळतो, कारण त्याच्या कर्जाला कागद नाही. शेतात दिवसभर राबणारी बाई गळते, कारण सरकारच्या लेखी ती शेतकरी नाही, गृहिणी आहे. म्हणजे जो सर्वांत जास्त अडचणीत, तोच सर्वांत आधी अपात्र.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ११,२९० शेतकरी आणि शेतमजुरांनी आपला जीव दिला. त्यांत महाराष्ट्रातले ४,२४८. नोंदलेल्या सगळ्यांचे हे आकडे. नोंदीबाहेर राहिलेले वेगळेच.

आपल्या भागात ही गोष्ट कालची नाही. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकाराने बायको आणि चार लेकरांसह आयुष्य संपवले. २०१७ पासून त्या दिवशी ठिकठिकाणी अन्नत्याग होतो. तेव्हा बीटी बियाणे नव्हते, मोबाईल नव्हता, लग्नात डीजे नव्हता. मग आज ज्या गोष्टींवर बोट ठेवले जाते त्या मूळ कारण कशा असतील? वही मात्र तेव्हाही होती, आजही आहे. ती उघडू या.

एका एकराचा हिशेब

आम्ही एक एकर कोरडवाहू पऱ्हाटीचा हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. ते खोडून आपापल्या वहीतले घाला.

नांगरणी, वखरणी, पेरणी : ५,००० रुपये. बियाण्याच्या दोन थैल्या, २०२३ च्या ठरलेल्या ८५३ रुपये भावाने : १,७०० रुपये. खत : ४,०००. निंदण, डवरणी : ६,०००. फवारणीचे औषध आणि मजुरी : ४,०००. पीक ५ क्विंटल धरा. वेचणी किलोला १० रुपयांनी ५,०००. वाहतूक, हमाली : १,०००. एकूण २६,७०० रुपये.

भाव ७,००० धरा. २०२३-२४ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता, म्हणजे आम्ही काही कमी धरलेला नाही. पाच क्विंटलचे ३५,००० आले. खर्च वजा जाता उरले ८,३००. पाच एकरवाल्याच्या हाती वर्षाचे ४१,५०० रुपये, महिन्याला साडेतीन हजारांच्या आत. यात घरच्या माणसांची मजुरी नाही, जमिनीचा खंड नाही, कर्जाचे व्याज नाही. आणि हे चांगले वर्ष! २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन महिना १८,००० ठरवले. ते त्याला मिळावेच. पण पाच एकरच्या मालकाने साडेतीन हजारांत घर चालवावे, हे कोणी ठरवले?

आता वाईट वर्ष घ्या. ऑगस्टात पावसाने ताण दिला किंवा बोंडअळी आली. पीक ३ क्विंटलवर आले. वेचणी आणि वाहतूक थोडी वाचली तरी खर्च २४,३०० झाला आणि आले २१,०००. एकरी ३,३०० तोटा, पाच एकरांत १६,५००. घर तर त्या वर्षीही चालवावेच लागले. म्हणजे शेताचा तोटा कर्जात आणि घराचा किराणा, औषध, पोरांची फीही कर्जात.

इथे थांबून विचार करा. लोक म्हणतात, दुष्काळाने शेतकरी मारला. आम्ही म्हणतो, दुष्काळ तर बापजाद्यांच्या काळापासून येतच आहे. वाईट वर्षाचा खड्डा चांगल्या वर्षाने भरायचा असतो. आमच्या चांगल्या वर्षात खड्डा भरण्याइतकी मातीच उरत नाही. कास्तकाराला मारते ते वाईट वर्ष नव्हे, त्याला मारते चांगले वर्ष, कारण त्या वर्षीही काही उरत नाही, आणि आता तरी काय बदलणार, ही आशाच संपते.

चांगल्या वर्षाचे पैसे जातात कुठे?

पिकले तर भाव पडतो, हे आपण निसर्गाचा नियम असल्यासारखे बोलतो. पण पुष्कळदा तो पाडला जातो. १९७२ ला महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी आली. तिचा एकाधिकार २००२ मध्ये सुटला. मधली तीस वर्षे आपला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे चांगल्या भावाने विकणे हा गुन्हा होता आणि चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने खेटे घालावे लागत. ती बेडी निघाली, पण दुसऱ्या राहिल्या. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी आली. २०२२ च्या एप्रिलमध्ये कापूस १०,००० च्या वर गेला, तर लगेच आयातशुल्क माफ झाले. २०२५-२६ साठी हमीभाव ८,११० जाहीर केला आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ११ टक्के आयातशुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमके आपली वेचणी सुरू होऊन माल घरात येण्याचे दिवस! एका हाताने हमीभावाचा कागद दाखवायचा आणि दुसऱ्या हाताने परदेशी गाठींना दार उघडायचे, याला काय म्हणावे?

गिरण्यांनाही कापूस परवडला पाहिजे, हे आम्हाला कळते. तिथेही मजूर राबतात. पण गिरणीचा तोटा सरकारने कास्तकाराच्या खिशातून का भरावा? भाव चढला तर सरकारला जाग येते आणि पडला तर खरेदी केंद्रावर ओलाव्याचे यंत्र लावून १२ टक्क्यांवरचा माल परत पाठवला जातो. जोखीम आमची एकट्याची, आणि चार पैसे मिळण्याची संधी आली की त्यात वाटेकरी सगळा देश.

शेतकऱ्याला सबसिडी मिळते, असे शहरात सांगितले जाते. प्रगत देशांच्या ओईसीडी या संस्थेने दिल्लीतल्या एका अभ्याससंस्थेबरोबर २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार त्याच्या शेती उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के निघाला. खत, वीज, पाणी यांची सबसिडी धरूनसुद्धा उणे! शरद जोशींनी ‘उणे सबसिडी’ हा शब्द गावोगावी पोचवला तेव्हा शहाणे लोक हसले होते.

स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के जादा भाव देण्याची शिफारस केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती मान्य केल्याचे सांगितले, पण खर्च धरताना हातचा राखला. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज वगळले. दुकानदार गाळ्याचे भाडे आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज न धरता भाव ठरवील काय?

ज्वारी गेली आणि घराची भिंत गेली

पऱ्हाटीच्या हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी पाच एकरवाल्याच्या शेतात एक-दोन एकर ज्वारी असायची. तिचा बाजारभाव कधीच मोठा नव्हता. पण वर्षाचे दाणे कणगीत पडत आणि कडब्याची गंजी उभी राहत असे. कडब्यावर बैलजोडी आणि एखादी गाय जगे. शेण उकिरड्यात जाई, उकिरडा शेतात जाई. कापूस बुडाला तरी भाकर बुडत नसे.

रेशनवर आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. सरकारी खरेदी झाली तीही मुख्यतः गहू-तांदळाची. ज्वारीला गिऱ्हाईक उरले नाही, रानडुकरे आणि पाखरे राखायला माणूस उरला नाही, आणि सोयाबीनने ती जागा घेतली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर ढोरे गेली, ढोरांबरोबर खत गेले. आता नांगरणीला ट्रॅक्टर रोखीने, खत रोखीने, दूध रोखीने, दळणसुद्धा रोखीने. उत्पन्न वर्षातून एकदा आणि रोख रोज लागते. ती कोण देणार? ज्याच्या दुकानात उधारीची वही आहे तो.

२००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात दुभत्या गाई वाटण्याची योजना होती. ज्या घरातून कडबा गेला त्या घरात गाय दिली! गाय खाणार काय, हे विचारायला कोणाला सुचले नाही. हिशेबाची वही न उघडता औषध दिले की असे होते.

व्याजाचे मुद्दल

कर्जाचेही तसेच. २००८ च्या माफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत होती. दोन हेक्टर ओलिताचा बागायतदार आत आणि आठ एकर कोरडवाहू करणारा बाहेर. त्याला अट अशी की आधी आपला वाटा भरा, मग सूट घ्या. २०१७ ला दीड लाखापर्यंत आणि २०१९ ला दोन लाखांपर्यंत माफी आली. ज्यांना मिळाली त्यांना श्वास घ्यायला जागा झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण वरचा एकराचा हिशेब तसाच राहिला, म्हणून खाते पुन्हा थकले. कर्जमाफी म्हणजे गळकी घागर एकदा भरून देणे. भोक बुजवायचे कोणी?

आणि भोक कुठे आहे ते प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘नवे-जुने’! जून महिना आला की गटसचिव सांगतो, खाते नवे-जुने करून घ्या. चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे, जुने मुद्दल आणि व्याज भरलेले दाखवायचे, नवे वाढीव कर्ज घ्यायचे आणि सावकाराला त्याचे पैसे व्याजासकट परत करायचे. कागदावर खाते चालू, घरात एक रुपया नाही. कालचे व्याज आजचे मुद्दल झाले. अल्पभूधारकाच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. दामदुपटीचा आपला जुना नियमही तोच. पण दर वर्षी नवे-जुने झाले तर तो नियम लागणार कुठे? मुद्दलच दर वर्षी फुगते.

वर पुन्हा उफराटा न्याय. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात सवलत, आणि नापिकीमुळे ज्याला भरता आले नाही त्याला पुरे व्याज. बुडत्याच्याच पायाला दगड.

आपलेही चुकते

आपला दोष झाकून आम्ही सरकारला शिव्या देणार नाही. लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो. शेजाऱ्याने बोअर मारली म्हणून आपणही मारतो आणि कोरडी निघते. गावात दारू आहे. पण याच गोष्टी पगारदाराच्या घरातही असतात. तिथे माणूस चुकतो आणि पुढच्या पगारात सावरतो. आमच्याकडे सावरायला पुढचा पगार नाही. म्हणून जी चूक दुसऱ्याला महाग पडते, ती आमच्यातल्याचा जीव घेते.

आपला खरा दोष दुसराच आहे. आपण हिशेब लिहीत नाही आणि कर्ज लपवतो. बायकोला माहीत नसते, भावाला माहीत नसते. नोटीस आली की ती घडी करून फोटोच्या मागे ठेवतो. तोट्याच्या धंद्यातले कर्ज ही चोरी नाही, शिंदळकी नाही. मग लाज कसली? लाज वाटायची असेल तर ज्यांनी हा धंदा तोट्याचा ठेवला त्यांना वाटावी. पण ही लाजच माणसाला एकटा पाडते, आणि एकटा पडलेला माणूस रात्री भलताच विचार करतो.

मागणी काय आणि काम काय

जिल्हा बैठकीसमोर आम्ही पाच गोष्टी ठेवतो.

एक. कापसाच्या भावात सरकारने आडवे येऊ नये. निर्यात थांबवून किंवा आयात खुली करून भाव हमीभावाखाली गेला, तर फरकाची रक्कम त्याच हंगामात कास्तकाराच्या खात्यात जमा करावी. हमीभाव काढताना जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरावे.

दोन. पैसेवारी पन्नासच्या आत आली की कोणी अर्ज न करता त्या गावातले पीककर्ज आपोआप पुढे ढकलले जावे, थकीत व्याज थांबावे आणि नवे कर्ज मिळावे. मोर्चा काढल्यावर नव्हे, नियमाने. नवे-जुनेचा खेळ बंद करून प्रत्येक खात्याचे मूळ मुद्दल किती, हे बँकेने लेखी द्यावे.

तीन. ज्वारी हमीभावाने खरेदी करून आपल्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानांत द्यावी. शेजारच्या कर्नाटकात हे झालेले आहे. आणि आपणही धुऱ्यापासून का होईना, एकरभर ज्वारी पुन्हा पेरावी.

चार. सातबाऱ्यावर घरच्या बाईचे नाव लावावे. लक्ष्मीमुक्तीच्या काळात हजारो गड्यांनी हे स्वखुशीने केले. आज थांबायचे कारण नाही. मालक गेल्यावर कर्ज तिच्या अंगावर येतेच, मग जमीन तिच्या नावावर तो जिवंत असतानाच का नको?

पाच. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला आणि सावकारीतला ठरला, तर जमीन परत मिळू शकते. असे अर्ज प्रत्येक तालुक्यात आपल्या कार्यकर्त्यांनी बसून लिहून द्यावेत.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. एक काम मात्र या आठवड्यात करता येते. प्रत्येक गावात पाच जणांनी मिळून हिशेबाची बैठक घ्यावी. पारावर, देवळात, कोणाच्या ओसरीवर, कुठेही. येणाऱ्याने तीन कागद आणावेत : बँकेचे पासबुक, कापूस विकल्याची पावती आणि सातबारा. बायकांनीही बसावे. ज्याला लिहिता येते त्याने दुसऱ्याचा हिशेब मांडून द्यावा. पाच वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की कळते, तोटा माझ्या एकट्याचा नाही. पाचही घरांत तो सारखाच आहे. म्हणजे तो माझ्या नशिबाचा नाही, माझ्या कर्तबगारीचा नाही. तो वरून आलेला आहे आणि त्याच्याशी भांडता येते.

जो बैठकीला येत नाही, पाराकडे फिरकत नाही, जेवण सोडतो, बैल विकून टाकतो, ‘माझ्यामागे पोरांकडे लक्ष द्या’ असे बोलतो, त्याच्या घरी त्याच दिवशी जा. उपदेश करू नका. सोबत बसा, रात्री एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्या घरातून आपल्या घरी नेऊन ठेवा. दवाखान्यात न्यायला लाजू नका. १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. नोटीस आली असेल तर उद्या चौघे मिळून बँकेत जाऊ, एवढे त्याला सांगा आणि खरोखरच जा.

पुढच्या वेळी तहसिलातून पंचनाम्याला गाडी येईल, तेव्हा तिला मयताच्या ओसरीवर नव्हे, गावाच्या पारावर थांबवा. गावातल्या सगळ्या वह्या तिथे मांडून ठेवा आणि साहेबांना सांगा : आधी ह्या वाचा. एक एकर वाचा, चांगले वर्ष वाचा, वाईट वर्ष वाचा. मग पात्र कोण आणि अपात्र कोण, ते आपण मिळून ठरवू.

जिल्हा बैठकीला येताना वही घेऊन या.